नफा त्यांचा, तोटा आपला : बिरसीच्या धावपट्टीवरून काही प्रश्न

काही दिवसांपूर्वी तिरोडा तालुक्यातल्या एका वस्तीत आमची बैठक होती. विषय शिष्यवृत्तीच्या थकलेल्या हप्त्यांचा होता. बैठक संपल्यावर एक मुलगी बुद्धविहाराच्या पायरीशी थांबून राहिली. तिने नागपूरच्या एका खासगी संस्थेतून विमानतळावरील नोकरीसाठीचा वर्षभराचा डिप्लोमा केला आहे. फी भरायला बापाने धान विकल्याचे पैसे दिले, आईने बचत गटातून कर्ज काढले. संस्थेच्या फलकावर हसऱ्या मुलीचा फोटो आणि शंभर टक्के नोकरीची हमी होती. कोर्स संपला तेव्हा एक विमान कंपनी नुकतीच बंद पडलेली होती. तिचे अनुभवी कर्मचारी मिळेल त्या पगारावर काम शोधत होते. नव्या मुलीला कोण विचारणार? आज ती तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात बसते आणि आई अजून हप्ते फेडते आहे. तिने विचारले, "दादा, विमानाचं इंधन महागलं म्हणून भरती थांबली असं सर सांगतात. हे खरं आहे का?"

आम्ही उत्तर देण्याआधीच शेजारी उभे असलेले आमचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "अगं बाई, विमान कंपन्या बुडोत नाहीतर तरोत, आपल्याला त्यांच्याशी काय करायचं? तो श्रीमंतांचा धंदा आहे."

या काकांबद्दल आम्हाला आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण त्यांचे हे म्हणणे चुकीचे आहे, आणि चळवळीतल्या अनेकांना तसेच वाटते म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे. विमानाचा नफा श्रीमंतांचा असतो हे खरे. पण विमान कंपनी बुडते तेव्हा तोटा कुणाच्या माथी मारला जातो, हे तपासले की तो धंदा आपलाही आहे हे लक्षात येते. फक्त त्यातला आपला वाटा तोट्याचा आहे.

इंधन आणि मंदी : दोन्हीकडून मार

आधी त्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देऊ. हो, सर सांगतात ते अर्धे खरे आहे. भारतात विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. हे इंधन म्हणजे एटीएफ. त्याचा भाव कच्च्या तेलावर ठरतो, आणि कच्चे तेल डॉलरमध्ये विकत घ्यावे लागते. विमानांचे भाडेही बहुतेक डॉलरमध्येच द्यावे लागते. म्हणजे तेल महागले तरी मार, रुपया घसरला तरी मार. शिवाय विमानाची जागा हा नाशवंत माल आहे. रिकामी उडालेली खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. बाजारात मंदी आली की कंपन्या आधी अधिकाऱ्यांचे प्रवास बंद करतात, मध्यमवर्ग सहल पुढे ढकलतो. पण विमानाचे भाडे, कर्जाचे व्याज, विमानतळाचे शुल्क थांबत नाही. तेल महागले म्हणून तिकीट वाढवावे तर प्रवासी पळतात, आणि तिकीट स्वस्त ठेवावे तर प्रत्येक उड्डाणागणिक तोटा होतो.

२००८ साली हे दोन्ही तडाखे एकाच वर्षात बसले. जुलैमध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले आणि सप्टेंबरनंतर जागतिक मंदीने प्रवासी पळवले. ऑक्टोबरमध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवायचे ठरवले. गणवेशातली तरुण मुले-मुली मुंबईत रस्त्यावर उतरली, राजकीय दबाव आला आणि कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो. इंग्रजी बोलणारी, टाय लावणारी माणसेही शेवटी कामगारच असतात आणि संघटित झाली तरच वाचतात, हे आम्ही त्या दिवशी टीव्हीवर पाहिले.

सरांनी सांगितलेले अर्धे खरे येथे संपते. तेल महाग होणे हे कारण झाले. पण त्या कारणाची किंमत कोणी मोजायची, हे तेल ठरवत नाही. ते व्यवस्था ठरवते.

कर्ज कुणाला आणि कशाच्या तारणावर

किंगफिशर एअरलाइन्स २००५ साली सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली. या काळात तिने एकाही वर्षी नफा कमावला नाही. तरीही स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांनी तिला कर्जे दिली आणि व्याजासह थकबाकी नऊ हजार कोटींच्या घरात गेली. तारण काय होते? इतर गोष्टींबरोबर कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह. त्या नावाचे मूल्य कागदावर चार हजार कोटींहून अधिक ठरवले गेले होते. २०१६ साली बँकांनी तेच नाव लिलावात काढले, राखीव किंमत ३६६.७० कोटी ठेवली, आणि एकही बोली आली नाही. त्याआधीच, त्या वर्षीच्या मार्च महिन्यात मालक देश सोडून गेले होते. कर्मचाऱ्यांचे मात्र महिनोन्महिन्यांचे पगार थकलेले होते.

आता आपल्या वस्तीतला मुलगा महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे किराणा दुकानासाठी किंवा ऑटोसाठी कर्ज मागायला जातो तेव्हा काय होते ते आठवा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कोटेशन, जामीनदार, आणि मग बँकेची मंजुरी. जामीनदार सरकारी नोकर हवा. वस्तीत सरकारी नोकर उरलेच किती? आडनाव पाहून बँकेचा चेहरा बदलतो हे आम्ही रोज पाहतो. एका माणसाचे नावच हजारो कोटींचे तारण होते आणि दुसऱ्याच्या नावाला दोन लाखांचीही पत नसते. याला कोणी बाजाराचा नियम म्हणत असेल तर म्हणो, आम्ही याला जातव्यवस्थेचे अर्थशास्त्र म्हणतो.

किंगफिशरनंतर १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे उड्डाण थांबले. दिवाळखोरीच्या न्यायालयात पाच वर्षे काढल्यावर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. तिने इंजिन पुरवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवले. प्रत्येक वेळी कारण वेगळे आणि रांग तीच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ ही रांग लावते. 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते. जे त्या व्याख्येत बसत नाहीत, त्या इतर कर्मचाऱ्यांचा फक्त १२ महिन्यांचा पगार, तोही बँकांच्या खाली. आणि कंत्राटदाराने नेमलेला सफाईवाला, सामान उचलणारा, गाडी ढकलणारा? तो कंपनीचा माणूसच नाही. त्याला रांगेत उभे राहायलाही जागा नाही. या शेवटच्या माणसाची जात कोणती असते हे आम्ही सांगायला हवे का?

एअर इंडिया : कर्ज जनतेचे, विमान मालकाचे

याविषयी बोलायचा गोंदियाकरांना विशेष अधिकार आहे. २००४ ते २०११ या काळात देशाचे नागरी विमान वाहतूक खाते गोंदियाच्या प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. त्याच काळात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्यासाठी मिळून १११ विमाने घेण्याचा निर्णय झाला आणि २००७ साली या दोन सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण झाले. २०११ साली कॅगने आपल्या अहवालात या खरेदीवर कठोर ताशेरे ओढले, कारण ही खरेदी जवळजवळ पूर्णपणे कर्जावर उभी होती. कर्जाची विमाने यायला लागली आणि तेल १४७ डॉलरला गेले, मागोमाग मंदी आली. आम्ही येथे कोणावर गुन्ह्याचा आरोप करत नाही. निर्णय मंत्रिमंडळाचे होते. आमचा प्रश्न परिणामांचा आहे.

परिणाम असा झाला की दहा वर्षांनी 'सरकारला धंदा जमत नाही' असे सांगत एअर इंडिया विकायला काढली गेली. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते. टाटा समूहाची बोली १८,००० कोटींची. त्यात रोख २,७०० कोटी, आणि १५,३०० कोटींचे कर्ज ते स्वतःकडे घेणार. उरलेले ४६,००० कोटींहून अधिक कर्ज सरकारने मागे ठेवलेल्या कंपनीकडे गेले. म्हणजे ते तुमच्या-आमच्या डोक्यावर राहिले. २७ जानेवारी २०२२ रोजी विमाने मालकाकडे गेली.

वर्तमानपत्रांनी ही घरवापसी म्हणून साजरी केली. टाटांनी सुरू केलेली कंपनी १९५३ साली राष्ट्रीयीकृत झाली होती, ती परत गेली, असा गौरव झाला. या गौरवात एक गोष्ट कुणी छापली नाही. सरकारी कंपनी असल्यामुळे तेथे अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना भरतीत आरक्षण होते. त्या आरक्षणातून आपली पहिली पिढी विमानाच्या देखभालीत, तिकीट खिडकीवर, केबिनमध्ये पोचली. विक्रीच्या कागदावर सही झाली आणि पुढच्या भरतीतले ते दार बंद झाले. मे २०२४ मध्ये जुन्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगीकरणानंतर एअर इंडिया ही संविधानाच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने 'राज्य' राहिलेली नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही. मूलभूत हक्क मागायचे तर समोर राज्य हवे. येथे राज्य समोरून उठून गेले, कर्ज मात्र आपल्या अंगणात ठेवून.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात पायाभूत आणि कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही तरतूद संविधानातच असावी अशी मांडणी केली होती. ती का? निवडून आलेले सरकार धोरण बदलू शकते, म्हणून. दुबळ्या माणसाचे आर्थिक हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हे त्यांना दिसत होते. याच बाबासाहेबांना १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत आपल्या भागाने पराभूत होताना पाहिले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. त्यांची अर्थनीती संसदेत बोलणारा माणूस आपण पाठवला असता, तर आज काय वेगळे झाले असते, हा विचार मनाला चाटून जातो.

बिरसीचे विमान आणि देवरीचा रस्ता

आता घरच्या धावपट्टीवर येऊ. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढे ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली, वाढली, आणि तेथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. विस्तारासाठी ज्यांची घरे-शेते गेली त्या बिरसीकरांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे अर्ज, धरणे, उपोषणे करावी लागली.

१३ मार्च २०२२ रोजी उडान योजनेखाली इंदूर–गोंदिया–हैदराबाद विमान सुरू झाले. लहान विमान, फ्लायबिग कंपनी. त्या वेळी युक्रेनचे युद्ध सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. तीनच दिवसांनी, १६ मार्चला, दिल्लीत एटीएफचा भाव पहिल्यांदा किलोलिटरला एक लाख रुपयांच्या वर गेला आणि जूनमध्ये १ लाख ४१ हजारांवर पोचला. सत्तर-ऐंशी खुर्च्यांच्या विमानाला हा भाव कसा पेलवणार? काही महिन्यांतच बिरसीची सेवा थांबली. पुन्हा प्रवासी विमान उतरायला १ डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. या वेळी इंडिगोचे, हैदराबाद आणि तिरुपतीसाठी.

हे एकट्या गोंदियाचे रडगाणे नाही. कॅगने २०२३ च्या अहवालात उडान योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांचा हिशेब मांडला आहे. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलत-मुदत पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत सवलत संपल्यावरही टिकले ते ५४. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसेल असे पंतप्रधानांनी सांगितले होते. चप्पलवाला अजून गोंदिया स्टेशनच्या फलाटावर उशिरा येणाऱ्या पॅसेंजरची वाट पाहतो आहे.

या योजनेत कंपनीचा तोटा भरून काढायला 'व्यवहार्यता तफावत निधी' मिळतो. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर अधिभार लावला जातो आणि राज्य सरकारही आपला वाटा उचलते. उडानच्या विमानतळांवर एटीएफवरचे अबकारी शुल्क २ टक्के आणि राज्याचा व्हॅट १ टक्का किंवा त्याहून कमी, अशी सवलत ठेवली आहे. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडमध्येही एटीएफवरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. तेल महागले की विमान कंपन्यांसाठी सरकारचे मन असे द्रवते.

मग आपल्या डिझेलचे काय झाले? मे २०२० मध्ये, टाळेबंदीत जगभर कच्चे तेल कोसळले होते. तो फायदा जनतेला मिळायला हवा होता. केंद्राने एका रात्रीत डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरला १३ रुपयांनी वाढवले. ते ३१ रुपये ८३ पैशांवर गेले. पुढे दोनदा कपात झाली हे आम्ही मान्य करतो, पण राज्याचा डिझेलवरचा व्हॅट आजही २१ टक्के आहे. डिझेलवर काय चालते? आमची लालपरी चालते. धानाच्या रोवणीआधी चिखलणी करणारा ट्रॅक्टर चालतो. आणि हंगाम संपला की तेलंगणात मिरची तोडायला आमच्या माणसांना कोंबून नेणारी पिकअप चालते. तीही हैदराबादच्याच दिशेने जाते. वरून विमान जाते, खालून पिकअप. वरच्या इंधनावर एक टक्का, खालच्यावर एकवीस.

त्याच मे महिन्यात परदेशातल्या भारतीयांना आणायला विमाने धावत होती आणि देवरीच्या महामार्गावरून छत्तीसगडकडे मजुरांचे तांडे पायी चालले होते. आम्ही तेथे पाणी आणि पोहे वाटत उभे होतो. त्यातल्या एका बाईच्या पायाला चप्पलही नव्हती, हवाई तर सोडाच. परदेशातल्यांना आणले याबद्दल आमची तक्रार नाही. संकटात कुणाच्या प्रवासाची व्यवस्था करायची आणि कुणाला चालू द्यायचे, हे कसे ठरते, एवढेच विचारतो.

मग मागायचे काय?

काही मित्र म्हणतील, मग बिरसीचे विमानतळच नको म्हणा. नाही. आम्ही तसे म्हणणार नाही. आपल्या बापजाद्यांना रस्त्यावरून चालायची बंदी होती, विहिरीला हात लावायची बंदी होती. आता विमान 'आपले नाही' असे आपणच म्हणायला लागलो तर ती बंदी आपण स्वतःवर लादून घेऊ. दुसरे मित्र म्हणतील, खासगी कंपनीवर अटी कशा घालता? त्यांना उत्तर सोपे आहे. तोटा भरायला सार्वजनिक पैसा चालतो, तर त्या पैशाबरोबर सार्वजनिक अटीही चालल्या पाहिजेत.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या कंपनीला व्यवहार्यता निधी किंवा इंधनावरची करसवलत मिळते, तिने त्या मार्गावरच्या आणि विमानतळावरच्या भरतीत, कंत्राटी भरतीतही, आरक्षण पाळावे आणि दरवर्षी त्याची आकडेवारी जाहीर करावी. बिरसीच्या प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना त्यात पहिला हक्क असावा. बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात, आणि त्या शिक्षणाचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. जिल्ह्यातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुला-मुलींसाठी तेथे पूर्ण शिष्यवृत्तीच्या जागा राज्याने ठेवाव्यात. दिवाळखोरीच्या रांगेत पगार, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी बँकांच्या आधी यावा आणि कंत्राटी कामगारालाही त्या रांगेत जागा मिळावी. नोकरीची खोटी हमी देऊन फी उकळणाऱ्या संस्थांवर नोंदणी आणि फी-परताव्याचे बंधन असावे. आणि एटीएफला जी माया मिळते, तिचा अर्धा वाटा तरी एसटीच्या डिझेलला मिळावा. महिलांना एसटीत अर्धे तिकीट मिळाले ते चांगलेच झाले. पण गावात बसच येत नसेल तर अर्धे तिकीट काय कामाचे?

या मागण्या मोठ्या वाटतील. ४६,००० कोटींचे कर्ज जनतेच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा त्या मोठ्या नाहीत.

त्या मुलीला आम्ही त्या संध्याकाळी हे सगळे सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो की तुझी चूक नाही, आणि तुझ्या आईचीही नाही. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नव्हते. जाताना ती म्हणाली, "मग दादा, त्या संस्थेकडून फी परत मागायचा अर्ज लिहून द्याल का?"

अर्ज आम्ही लिहिला आहे. तिच्यासारखी आणखी सात मुले-मुली आतापर्यंत पुढे आली आहेत. काकांनीही त्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली. विमानाशी आपला काय संबंध, हे त्यांनी त्यानंतर विचारलेले नाही. आपल्या गावात कुणी अशी फी भरून बसले असेल तर त्यांना आमच्याकडे पाठवा. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, पन्नास जणांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

जय भीम!